सायकलीस विजेची जोड : निवड, जोडणी व खर्चाचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरीं सायकल ही जुनी व इमानी चाकर आहे. पहांटे डेअरीस दूध घालावयाचें, मळ्यांत भाकरी पोंचवावयाची, बाजारांतून बियाण्याची पिशवी आणावयाची, इत्यादि कामें तिनें पिढ्यान् पिढ्या केलीं. मोटारसायकल आल्यावर ती पडवीच्या भिंतीस टेकली गेली खरी. परंतु पेट्रोलाचा खर्च जड वाटूं लागल्यामुळें पुष्कळांची दृष्टि तिच्याकडे पुन्हा वळली आहे. साध्या सायकलीस विजेची मोटार व बॅटरी जोडण्याचें साहित्य, ज्यास बाजारांत किट म्हणतात, तें आतां सहज मिळतें. तें घ्यावें कीं नाहीं, घेतल्यास कोणतें घ्यावें, व तें आपल्या सायकलीस बसेल कीं नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवितों. या वाहनास लागणारी वीज जवळ जवळ फुकट पडते. महाग पडते ती बॅटरी. बॅटरी बेताची निवडली व नीट सांभाळली, तर हें वाहन पेट्रोलाच्या निम्म्या खर्चांत चालतें. तींत हयगय झाली, तर तेंच वाहन पेट्रोलाहून महाग पडतें. सबब किट घेण्यापूर्वीं आपला रस्ता, आपलें ओझें व आपली सायकल या तिहींचा हिशेब कागदावर मांडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे. तो कसा मांडावा तें पुढें देत आहों.

कल्पना जुनी, साधन नवें

सायकलीस वीज जोडण्याची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन नांवाच्या गृहस्थास मागील चाकाच्या तुंब्यांतच मोटार बसविलेल्या सायकलीचें पेटंट ता. ३१ डिसेंबर १८९५ रोजीं मिळालें. आपल्याकडे त्यापूर्वींच, म्हणजे १८८८ सालीं, कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें होतें. कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर हे त्यांचे उद्योग पुढचे. बोल्टनची मोटार व आजच्या किटांतील मोटार यांची जागा एकच आहे. असें असतां मधलीं शंभर वर्षें ही कल्पना पडून कां राहिली ? तर त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या फार जड, व मोटारीहि जड. १९८० नंतरच्या दशकांत निओडिमियम या धातूचे अतिशय जोरदार लोहचुंबक निघाले, त्यामुळें मोटार लहान झाली. आणि १९९१ सालीं जपानांतील सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली, तिच्यामुळें विजेचा सांठा हलका झाला. शिशाच्या बॅटरीस जेथें १२ किलो वजन पडतें, तेथें तेवढ्याच सांठ्याची लिथियम बॅटरी अडीच ते तीन किलोंत बसते.

किटांत असतें काय

किटांत मुख्य जिनसा पांच असतात. पहिली मोटार, ती बहुधा चाकाच्या तुंब्यांत बसविलेली असते, व रिम आणि तारांसह सबंध चाकच मिळतें. दुसरी बॅटरी. तिसरा कंट्रोलर, हा लहानसा डबा बॅटरींतील वीज मोटारीस किती व केव्हां द्यावयाची तें ठरवितो. चौथी चालविण्याची कळ. ही दोन प्रकारची असते. हँडलाच्या मुठीशीं असलेला थ्रॉटल पिळला कीं मोटार फिरते; किंवा पायडलाच्या आंसावर चुंबकांची एक चकती बसविलेली असते, व पायडल फिरूं लागलें कीं मोटार आपली मदत देऊं लागते. पांचवी जिन्नस ब्रेकच्या मुठी. त्या दाबतांच मोटारीची वीज तुटते. बॅटरी भरण्याचा चार्जर बहुधा बॅटरीबरोबर येतो, परंतु तो किंमतींत धरला आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें.

शक्ति किती लागते

आमच्या वाचकांस पंपाची मोटार चांगली ठाऊक आहे. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ति. सायकलीची मोटार २५० वॅटची, म्हणजे अश्वशक्तीच्या जेमतेम तृतीयांश. ही शक्ति थोडी वाटते. परंतु धडधाकट माणूस तासभर बेताबेतानें पायडल मारीत राहिला तर तो सुमारें ७५ वॅटच देतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे मोटार तीन माणसांचें काम करते हें दिसून येईल.

आतां ओझ्याचा हिशेब पहा. स्वार ६५ किलो, सायकल व किट मिळून २७ किलो, आणि दोन किटल्यांत ४० लिटर दूध, किटल्यांसह ४८ किलो. एकंदर १४० किलो वजन झालें. हें वजन सपाट डांबरी रस्त्यानें तासीं १८ किलोमीटर गतीनें नेण्यास चाकापाशीं सुमारें ११५ वॅट लागतात. तोच रस्ता मुरुमाचा व खडबडीत असला तर त्याच गतीस २०० वॅट किंवा अधिकहि लागतात. वीस फुटांस एक फूट असा चढ आला तर गति १० किलोमीटरांवर आणली तरी सुमारें २४० वॅट हवेत. दहा फुटांस एक फूट असा घाटाचा चढ असला तर ६ किलोमीटर गतीसहि २५० वॅट पुरे पडतात इतकेंच.

यांतून दोन गोष्टी निघतात. देशावरील सपाट मुलखांत २५० वॅटची मोटार दुधाच्या किटल्यांसह उत्तम काम देईल. कोंकणांतील किंवा मावळांतील चढावर मात्र तिला पायांची मदत दिलीच पाहिजे. चाकांतील मोटार हळू फिरूं लागली कीं तिला दिलेल्या विजेचा मोठा भाग गतीऐवजीं उष्णतेंत जातो. दाबाखालीं अडकलेली पंपाची मोटार जशी तापते, तशीच ही तापते, व आंतील वेटोळ्यांचें आवरण जळतें. म्हणून चढावर नुसता थ्रॉटल पिळून बसूं नये. पायडल मारावें, आणि तरीहि गति माणसाच्या चालीइतकी उतरली तर खालीं उतरून सायकल हातानें चालवावी.

मोटार कोठें बसवावी

मोटार बसविण्याच्या जागा तीन : पुढचें चाक, मागचें चाक, व पायडलांचा मध्य.

पुढच्या चाकाची मोटार बसविण्यास सर्वांत सोपी; साखळी व फ्रीव्हील यांस हात लावावा लागत नाहीं. परंतु आपलें ओझें असतें मागील कॅरिअरवर. त्यामुळें पुढचें चाक हलकें राहतें, व ओल्या मुरुमावर, चिखलांत किंवा चढावर तें जागच्या जागीं घसरतें. एकट्या माणसानें मळ्यांत येजा करण्यास ही मोटार चालेल. दुधाच्या किटल्या, खताचें पोतें किंवा भाजीची पाटी न्यावयाची असेल तर मागच्या चाकाचीच घ्यावी. ओझ्याचा भार चाकास जमिनीवर दाबून धरतो.

पायडलांच्या मध्यावर बसणारी मोटार साखळीमार्फत चाक फिरविते. गिअरच्या सायकलीवर ती चढाला फार चांगली, कारण चाक हळू फिरलें तरी मोटार आपल्या योग्य वेगानें फिरत राहते. परंतु ती महाग असते, साखळी लौकर झिजविते, आणि बिनगिअरच्या सायकलीवर तिचा मुख्य फायदाच मिळत नाहीं. शिवाय सांगाड्याच्या तळच्या नळीची लांबी व आंतला व्यास मोजल्यावांचून ती मागवूं नये.

आपली सायकल किट घेईल काय

येथें पुष्कळांची फसगत होण्याचा संभव आहे. किटें बहुधा परदेशी मापांवर बेतलेलीं असतात. आपली काळी, उंच, २८ इंची सायकल निराळ्या मापाची. तिच्या पुढच्या रिमेस ३२ व मागच्या रिमेस ४० भोंकें असतात. मोटारीच्या तुंब्यास बहुतेक ३६. म्हणजे आपलीच रिम मोटारीवर विणून घेऊं म्हटल्यास तारा जुळत नाहींत. तयार चाक घेतलें तर तें २६ इंची किंवा दुसऱ्या मापाचें, व त्याची रिमहि निराळ्या घडणीची. आपले सळईचे ब्रेक रिमेच्या आंतल्या अंगावर दाबतात. नव्या रिमेवर त्यांचे रबर टेकतच नाहीं. तशांत किटांतील वीज तोडणाऱ्या ब्रेकच्या मुठी तारेच्या ब्रेकसाठीं असतात. सळईच्या ब्रेकास त्या लागत नाहींत.

पुढच्या चिमट्यांतील आंतलें अंतर किटास बहुधा १०० मिलिमीटर व मागें १३५ मिलिमीटर लागतें. आपल्या सायकलीचें अंतर बहुधा याहून कमी भरतें. पोलादी सांगाडा अनुभवी कारागिराकडून थोडा रुंदावून घेतां येतो. अॅल्युमिनियमचा सांगाडा मात्र कधींहि वांकवूं नये, तो तुटतो. म्हणून किट मागविण्यापूर्वीं चिमट्याचें अंतर, रिमेचें माप, भोंकांची संख्या व ब्रेकचा प्रकार हीं चार मापें कागदावर लिहून विक्रेत्यास दाखवावीं. २६ इंची, तारेच्या ब्रेकची, पोलादी सांगाड्याची मजबूत सायकल घरीं असल्यास किट तिलाच बसविणें सोयीचें.

ब्रेकचा प्रश्न क्षुल्लक समजूं नये. सायकल व स्वार मिळून ९० किलो वजन तासीं १५ किलोमीटर गतीनें चाललें असतां तें थांबविण्यास जें काम पडतें, त्याच्या सव्वाचारपट काम १४० किलो वजन २५ किलोमीटर गतीवरून थांबविण्यास पडतें. सळईचे ब्रेक पावसांत अगोदरच नरम. ते या कामास पुरणार नाहींत. दोन्ही चाकांस स्वतंत्र व चांगले ब्रेक असल्याखेरीज मोटार बसवूं नये.

जोडणींतील मुख्य सावधगिरी

मोटार चाकास पुढें ढकलते, तेव्हां तिचा आंस तितक्याच जोरानें उलट फिरूं पाहतो. साध्या सायकलीच्या आंसावर हा जोर कधींच येत नाहीं. मोटारीच्या आंसास दोन बाजू सपाट केलेल्या असतात, त्या चिमट्याच्या खांचेंत अडकून आंस थोपवून धरतात. परंतु नट थोडा सैल झाला कीं आंस खांच फाकवून फिरतो, मोटारीची तार पिळून तुटते, व पुढचें चाक असल्यास तें चालत्या सायकलींतून निखळून पडतें. यावर उपाय म्हणजे टॉर्क आर्म नांवाची पोलादी पट्टी. तिचें एक टोंक आंसाच्या सपाट बाजूंवर घट्ट बसतें व दुसरें टोंक सांगाड्याच्या दांडीस आवळतात. ही पट्टी किंमतीनें किरकोळ आहे; ती नसेल तर किट बसविलेंच नाहीं असें समजावें. आंस जाड असल्यामुळें खांच कानशीनें थोडी घांसावी लागते. ती बेतानेंच घांसावी. चिमट्यास तडा किंवा खोल गंज असेल तर चिमटा आधीं बदलावा. पहिल्या दोन आठवड्यांत चार-सहा वेळां नट तपासून आवळावे व तारा कारागिराकडून ताणून घ्याव्या.

पायडलावरील चुंबकांची चकती बसविण्यास कॉटर काढून पायडलाचा दांडा उतरवावा लागतो. गंजलेला कॉटर ठोकून वांकवूं नये. दोन भागांची चकती मिळते, ती दांडा न काढतां बसते. बॅटरी शक्यतों सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणांत बांधावी, म्हणजे कॅरिअर ओझ्यास मोकळा राहतो व सायकल डुलत नाहीं. तारांचे जोड खालच्या बाजूस लोंबते ठेवावे, म्हणजे पाणी तारेवरून उतरून जोडांत न शिरतां खालीं गळतें. खताची धूळ ओली झाली कीं तांब्यास खाते. युरिया किंवा मीठ वाहून नेल्यावर जोड कोरड्या फडक्यानें पुसावे. पावसांत चालविण्यास हरकत नाहीं, परंतु ओढ्याच्या पाण्यांत तुंबा बुडवूं नये.

बॅटरी : खरा खर्च येथें

बॅटरीचा सांठा वॅट-तासांत मोजतात. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास यांचा गुणाकार ३६० वॅट-तास. हा सांठा पुरा रिता करूं नये. ३०० वॅट-तास कामास धरावे. पायडल मारीत, जातांना भरून व येतांना रिकामें, असा सामान्य रस्ता धरल्यास किलोमीटरास १२ वॅट-तास धरणें सुरक्षित आहे. म्हणजे एका भरणींत २५ किलोमीटर. चढ असेल तर उंचीचा हिशेब वेगळा करावा : १४० किलो वजन १०० मीटर उंच नेण्यास बॅटरींतून सुमारें ५० वॅट-तास जातात.

लिथियम बॅटरींत दोन जाती मुख्य. एका जातींत निकेल, मँगनीज व कोबाल्ट असतें; ती हलकी, परंतु सुमारें पांचशें ते आठशें भरण्या टिकते. दुसरी लोह-फॉस्फेटाची, ती थोडी जड व मोठी, पण तिला आग लागण्याचें भय कमी, व चांगल्या बनावटीची दीड-दोन हजार भरण्या टिकते. शेतकऱ्यास वजनापेक्षां टिकाऊपणा व निर्धास्तपणा महत्त्वाचा. सबब आमच्या मतें लोह-फॉस्फेटाची घ्यावी. दोहोंचे चार्जर निराळे असतात. ३६ व्होल्टची पहिली जात पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखविते. बारा कोठ्यांची लोह-फॉस्फेट ४३.८ व्होल्टपर्यंत भरते. एकीचा चार्जर दुसरीस कधींहि लावूं नये. कंट्रोलर १५ अँपिअर घेणारा असेल तर बॅटरी निदान २० अँपिअर सतत देणारी असावी, व तींत प्रत्येक कोठीवर नजर ठेवणारें संरक्षक मंडळ असलेंच पाहिजे.

आतां रुपयांचा हिशेब मांडूं. आंकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे घालावे. विजेचा दर युनिटास ८ रुपये धरला तर २५ किलोमीटरांस लागणारी वीज, चार्जरमधील घट धरूनहि, तीन रुपयांच्या आंत येते. बॅटरीची किंमत १२,००० रुपये व ती ६०० भरण्या टिकली, तर प्रत्येक भरणीस २० रुपये झीज पडते. दोन्ही मिळून २३ रुपये, म्हणजे किलोमीटरास सुमारें ९२ पैसे. पेट्रोल लिटरास १०० रुपये व गाडी लिटरास ५० किलोमीटर चालते असें धरल्यास नुसत्या पेट्रोलाचे किलोमीटरास २ रुपये होतात. परंतु तीच बॅटरी उन्हांत तापवून व रिती टाकून २०० भरण्यांतच बिघडविली, तर झीज भरणीस ६० रुपये होऊन किलोमीटरास अडीच रुपये पडतात. नफा आणि तोटा यांच्यामधलें अंतर एवढेंच आहे, व तें सर्वस्वीं मालकाच्या हातीं आहे.

निगा व आगीचें भय

बॅटरीचा मोठा शत्रु ऊन. सायकल बांधावर उन्हांत न ठेवतां झाडाखालीं ठेवावी. दौडून आल्यावर गरम बॅटरी लगेच भरावयास लावूं नये. अर्धा तास थंड होऊं द्यावी. हंगामाबाहेर महिनेच्या महिने सायकल पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धीअधिक भरून सांवलींत ठेवावी व दोन महिन्यांनीं तपासावी. रिती ठेवलेली बॅटरी पडल्या पडल्या मरते.

लिथियम बॅटरी बिघडून पेटली तर ती आग विझविणें कठीण असतें. म्हणून कडब्याच्या गंजीजवळ, कापसाच्या किंवा खताच्या कोठारांत, गोठ्यांत, तसेंच निजण्याच्या खोलींत किंवा घराच्या एकुलत्या एक दाराशीं बॅटरी कदापि भरूं नये. फरशीवर, मोकळ्या जागीं, कोणी जागें असतांना भरावी. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यांत पडलेली बॅटरी घरांत ठेवूं नये व उघडूंहि नये. पंपाच्या पेटींतून जोड घेण्याचा मोह टाळावा. दोन फेजांमध्यें ४१५ व्होल्ट असतात, त्यानें चार्जर तत्क्षणीं जळतो. निकामी बॅटरी भंगारवाल्यास न देतां विक्रेत्याकडे परत करावी; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीं ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर घातली आहे.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील व्याख्येप्रमाणें मोटारीची शक्ति २५० वॅटपेक्षां कमी, वेग तासीं २५ किलोमीटरांच्या आंत, व बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आंत असेल, तर असें विजेचें वाहन मोटार वाहन गणलें जात नाहीं. त्यास नोंदणी व परवाना लागत नाहीं. मात्र या अटी मान्यताप्राप्त चांचणी संस्थेनें पडताळलेल्या असाव्या लागतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशा संस्थांपैकीं एक होय. सबब किट विकणाराकडे या चांचणीचा दाखला मागावा. बाजारांत ५०० व १००० वॅटचींहि किटें उघड मिळतात, व जोर अधिक म्हणून तीं मोहक वाटतात. परंतु तीं बसविलेली सायकल कायद्याच्या दृष्टीनें मोटारसायकल ठरते. नोंदणी व विमा नसतां तिनें अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकाच्या शेतीवर येऊं शकतो. ज्याच्या नांवें सातबारा आहे त्यानें हा धोका पत्करूं नये.

तात्पर्य

ज्याचा रस्ता बहुतांशीं सपाट, रोजची येजा २० किलोमीटरांच्या आंत, व ओझें पन्नास किलोंपर्यंत, त्यास हें साधन लाभाचें आहे. ज्यास घाट चढावयाचा, क्विंटलभर माल न्यावयाचा किंवा तालुक्यास लांब जावयाचें, त्यानें या भानगडींत पडूं नये. त्याचें काम बैलगाडी, टेंपो किंवा मोटारसायकलच करील. घेणारानें पैसे पुढील क्रमानें खर्चावे : आधीं ब्रेक व चिमटा, मग बॅटरी, आणि शेवटीं मोटार. विक्रेता हा क्रम उलटा सांगेल, कारण मोटारीचा जोर दाखविण्यास सोपा असतो. आपण मात्र आठवडाभर रोजचे किलोमीटर व ओझें वहींत टिपावें, वर दिलेल्या रीतीनें हिशेब करावा, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.